अंगावरचं बटण

१

जेवणाचे डबे धुऊन पालथे घातले की काकू पत्ते पिसायला घेत. एकदा त्यांनी पत्ते हातात घेतले, की मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप येवो, डाव संपेपर्यंत कुणी जागचं हलत नसे.

लॉन्ड्री मोठी होती. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, असलं सगळं ढिगांनी यायचं. पुढे मशिनांची रांग, मागे चादरींच्या घड्या घालायचं लांब टेबल. त्या टेबलाच्या एका टोकाला खुर्च्या ओढून डाव बसायचा. मशिनं सुट्टीतही चालू असायची. मोठं मशीन पिळायला लागलं की टेबल असं थरथरायचं, की चहाचा कप आपल्या पायांनी चालत कडेपर्यंत जायचा.

पैसे लावायला बंदी होती. मालकाची नव्हे, काकूंची. लावायची ती बटणं. धुण्यात तुटलेली बटणं मशिनाच्या जाळीत अडकतात, ती डबीत साठवायची आणि खेळायची. ज्याची डबी आधी रिकामी होईल त्याने दुपारभर ओल्या चादरी दाबून वाळवणाऱ्या गरम रोलरवर कामाला उभं राहायचं. गरम रोलरवर उभं राहणं म्हणजे जिवंतपणी वाफाळणं. त्यामुळे बटणं असली तरी डाव पोरखेळ नव्हता.

खेळ सोपा. पाच पानं वाटायची, नको असतील ती एकदा बदलायची. बदलण्याआधी एक बोली, बदलल्यावर दुसरी. काही लावायचं नसेल तर टेबलावर बोटाने टक करायचं. वाढवायचं असेल तर म्हणायचं 'चढ'. समोरच्याने लावलं तेवढंच लावून त्याला पानं उघडायला लावायची तर म्हणायचं 'बरोबर'. दम नसेल तर पानं टाकायची. टाकलेली पानं कुणी बघायची नाहीत. बघणाऱ्याच्या हातावर काकूंची फुटपट्टी बसे.

आणि एक नियम या लॉन्ड्रीपुरताच होता. अगदीच अटीतटीला आलं तर माणूस आपल्या निळ्या कोटाचं वरचं बटण दातांनी तोडून लावू शकत असे. त्याला म्हणायचं अंगावरचं बटण. ते लागलं की समोरच्याने आपल्याही अंगावरचं लावायचं, नाहीतर मुकाट पानं टाकायची. डबीतली कितीही बटणं ओतली तरी अंगावरच्या बटणाला ती पुरत नसत.

२

खेळणारी माणसं पाच. काकू, घड्या घालणाऱ्या. डागवाली, जी शाईपासून रक्तापर्यंत कुठलाही डाग काढी आणि तोंड एक क्षण बंद ठेवत नसे. ड्रायव्हर, गाडीतून कपडे आणणारा. इस्त्रीवरची आत्या. आणि मशिनांवरची फौजदारीण.

फौजदारीण हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. एकदा हॉटेलाच्या मॅनेजरने टॉवेल कमी आले म्हणून आवाज चढवला, तेव्हा तिने सगळी गाडी त्याच्यासमोर रिकामी करून त्यालाच एकेक टॉवेल मोजायला बसवलं होतं. मोजून झाल्यावर वर म्हणाली, "आता घड्या पण घाला."

पाचातली आत्या मात्र आता नव्हती. गेल्या महिन्यात झोपेतच गेली. अंगाने भरभक्कम बाई. तिच्या कोटाची बटणं पोटावर इतकी ताणलेली असत, की ड्रायव्हर म्हणायचा, "आत्या, एक दिवस ते बटण सुटेल आणि कुणाचा तरी डोळा जाईल." चेहरा मात्र इस्त्री केलेल्या चादरीसारखा. एक सुरकुती हलेल तर शपथ. 'बरोबर' हा शब्द तिने जन्मात उच्चारला नाही. जेव्हा बघावं तेव्हा चढ. शिवाय तिला एक खोड होती. स्वतःची डबी संपली की ती दुसऱ्याच्या वस्तू खुशाल लावून मोकळी होई. ड्रायव्हरचा जेवणाचा डबा, काकूंची छत्री. न विचारता. "परत जिंकून देते ना, मरतोस कशाला?" म्हणायची, आणि बहुतेक वेळा द्यायची.

"जाताना सुद्धा बाईने पानं दाखवली नाहीत," असं डागवाली तिच्या मयताला म्हणाली होती, आणि सगळे रडता रडता हसले होते.

ही गोष्ट घडली त्या दिवशी फौजदारीण कामावर यायलाच नको होती. तिच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं. पण धाकटीनेच हात जोडले. "तू नको येऊस गं बाई. तू डॉक्टरला सुरी कशी धरायची ते शिकवशील." म्हणून आदल्या संध्याकाळी फौजदारीण तिच्याकडे जाऊन आली. धाकटीच्या स्वेटरचं हिरवं काचेचं बटण लोंबत होतं. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून तांबड्याने पक्कं शिवलं, आणि खाली आपली नेहमीची गाठ मारली, टोक किंचित बाहेर ठेवून. "हे आता तुझ्या नातवापर्यंत टिकेल," म्हणाली, आणि घरी येऊन रात्रभर छताकडे बघत पडली.

आता फोन कोटाच्या खिशात होता. डावात फोन चालत नसे, पण आज काकूंनीच सांगितलं होतं, "तुझा राहू दे."

३

चूक काकूंची. इतकी वर्षं पाच जणांना पानं वाटली, हाताला वळण पडलं. बोलता बोलता त्यांनी पाच ढीग वाटले.

"काकू!" डागवाली ओरडली. "आत्याला पण?"

काकूंनी जीभ चावली. पण त्यांचाच नियम होता: वाटलेली पानं मागे घ्यायची नाहीत. एक ढीग उचलला तर सगळ्यांच्या नशिबात लुडबुड होते.

"राहू दे," ड्रायव्हर म्हणाला. "बसू दे म्हातारीला. तेवढंच गिऱ्हाईक."

डागवालीला भलताच चेव आला. तिने कपाटातून आत्याची डबी आणली आणि रिकाम्या खुर्चीसमोर उपडी केली. पांढरी, काळी, पितळेची, लाकडाची, ढिगाने बटणं. ढीग बघून ड्रायव्हरने शीळ घातली. "मेली तरी आपल्यापेक्षा श्रीमंत."

फौजदारिणीने पानं उचलली. दोन दुर्र्या, एक पंजी, एक सत्ती, एक गुलाम. भिकारी हात. पण चेहरा हलवला नाही. हे तिला आत्यानेच शिकवलं होतं.

पहिली बोली सुरू झाली. काकूंनी टक केलं. ड्रायव्हरने टक केलं. डागवालीने टक केलं. मग रिकाम्या खुर्चीची पाळी.

टक.

मग डागवाली एवढी हसली, की तिला ठसका लागला. "मशीन गं, मशीन! कोपऱ्यातलं!"

खरंच होतं. कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं. मेकॅनिकने उघडून बघितलं होतं आणि तो ते रिकामंच फिरत ठेवून जेवायला गेला होता. आत कुठलंसं बटण राहिलं असणार. पिंप हळूहळू फिरे, बटण वर जाई आणि खाली पडे. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक.

"वेळ साधली पण म्हातारीने," काकू म्हणाल्या.

फौजदारीणही हसली. हसली, पण तिचा कान त्या कोपऱ्याकडेच राहिला. मशिनातलं बटण फेरीगणिक वाजायला हवं. हे वाजलं ते खुर्चीची पाळी आल्यावरच. त्याआधी काकू पत्ते पिसत होत्या, वाटत होत्या, तेवढा वेळ कुठे होतं?

आपलंच लक्ष नसेल, ती स्वतःला म्हणाली. बडबड काय कमी चालली होती?

४

पानं बदलायची वेळ आली. फौजदारिणीने दुर्र्यांची जोडी ठेवून बाकीची तीन टाकली. आले एक राजा, एक नव्वी, एक चौकी. म्हणजे काही नाही. रिकाम्या खुर्चीची पानं तशीच पालथी राहिली.

"आत्या बदलत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "हात पक्का आहे तिचा."

"तू गप रे," फौजदारीण म्हणाली. "जा, ते मशीन बंद कर आधी. डोकं उठवलंय."

ड्रायव्हर गेला, बटण दाबून आला. पिंप थांबलं. कोपरा गप्प झाला.

दुसरी बोली. काकूंनी दोन बटणं लावली. ड्रायव्हरने दोन. डागवालीनेही दोन. मग सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं, जसं तिथे माणूस असल्यावर बघतात.

त्याच वेळी मोठं मशीन पिळायला लागलं. टेबल थरथरू लागलं. आत्याच्या ढिगातली बटणं एकमेकांवरून घसरली आणि हळूहळू पुढे सरकू लागली. एक, मग त्याच्यामागे दुसरं, मग मूठभर. टेबलाच्या मधोमध खडूची रेघ होती, तिच्यापलीकडे गेली आणि थांबली.

"चढ!" डागवाली टाळ्या पिटत ओरडली. "बाई गं, मूठभर चढ!"

"टेबल हललं," फौजदारीण म्हणाली.

"टेबल हललं तर माझी का नाही सरकली?" ड्रायव्हरने विचारलं. तो हसतच होता, पण आपली बटणं त्याने हाताने झाकून घेतली होती. "मी टाकली बाबा. मेलेल्या बाईशी कोण लागणार? हरलो तर रोलर, जिंकलो तर स्वप्नात येईल."

काकूंनी टाकली. डागवालीने नाक मुरडत टाकली. उरली फौजदारीण आणि समोरची खुर्ची.

फौजदारिणीलाही टाकता आली असती. दुर्र्यांच्या जोडीवर कुणी लढत नाही. पण तिचा स्वभाव आडवा आला. तिने तेवढीच मूठभर बटणं रेघेपलीकडे ढकलली. आता 'बरोबर' म्हणायचं आणि पानं उघडायची, की संपली गंमत.

मोठं मशीन थांबलं. टेबलही थांबलं. आणि रिकाम्या खुर्चीच्या ढिगातून एकच बटण निघालं. चांगलं उभं राहून, चाकासारखं गडगडत आलं, रेघ ओलांडली, गरगरलं आणि आडवं झालं.

हिरवं होतं. काचेचं. त्याच्या भोकांत तांबडा दोरा होता, आणि दोऱ्याचं टोक किंचित बाहेर.

५

"हे कुठलं?" डागवाली म्हणाली. "छान आहे गं."

फौजदारिणीने आपली गाठ ओळखली. तिने पहिल्यांदा हिशेब लावायचा प्रयत्न केला. हिरवी बटणं जगात ढिगाने असतात. तांबडा दोराही असतो. धाकटी ज्या इस्पितळात आहे तिथल्या चादरी इथेच येतात, रोग्यांचे कपडे चुकून त्यांत गुंडाळले जातात, कितीदा आलेत.

"आजची गाडी उतरवलीस?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"कुठे? बाहेर उभी आहे. कुलूप लावून आलोय. का?"

खिशातला फोन वाजला. धाकटीचा नवरा होता. एरवी हा माणूस फोनवर इतका हळू बोलतो, की समोरच्याला झोप लागावी. आज त्याचे शब्द एकमेकांवर आपटत होते.

"ताई, आत नेऊन खूप वेळ झाला. एक डॉक्टर बाहेर आला आणि काही न बोलता परत पळतच आत गेला. नर्स म्हणते बसून राहा. ताई, मी काय करू? मी तिचा स्वेटर घेऊन बसलोय इथे. त्याचं बटण पण कुठे पडलं, सापडत नाही. आत जाताना होतं हो. तिने मला दाखवलं होतं, ताईने शिवलंय म्हणून. आता तिला काय सांगू?"

"बटणाचं मी बघते," फौजदारीण म्हणाली. "तू तिथून हलू नकोस. फोन ठेव."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. तिघंही तिच्याकडे बघत होती. डागवालीसुद्धा गप्प होती, म्हणजे चेहऱ्यावर काय दिसत असेल ते दिसतच होतं.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. आत्याने परत दुसऱ्याची वस्तू लावलीय."

मग काकूंनी हिरव्या बटणाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि हातातले पत्ते हळूच खाली ठेवले. "अगं, सोड तो डाव. उठ."

"बोली लागलेली असताना उठले तर टाकली असा अर्थ होतो काकू. नियम तुमचाच. टाकली तर बटण तिचं."

६

मशिनं चालू होती, तरी त्या टोकाला फार शांत वाटत होतं. फौजदारीण विचार करायला लागली. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती, पण पत्त्यांची शाळा तिने आत्याकडे शिकली होती, आणि तिथे ती कधी नापास झाली नव्हती.

'बरोबर' म्हणायचं? मग पानं उघडावी लागतील. इकडे दुर्र्यांची जोडी. तिकडे काय ते देव जाणे. कुठलीही तिर्र्यांची जोडी तिला खाऊन टाकेल. शिवाय त्या खुर्चीसमोरची पानं कोण उलटणार? कुठला हात? ते तिला बघायचं नव्हतं. ड्रायव्हर तर खुर्ची मागे ओढून केव्हाच भिंतीला टेकला होता.

आत्या एकदा तिला म्हणाली होती. तेव्हाही असाच भिकारी हात होता. "ए बावळट, बरोबर म्हणणाऱ्याला जिंकायची एकच वाट असते, त्याची पानं भारी हवीत. चढणाऱ्याला दोन. पानं भारी असली तर जिंकतो, आणि नसली तरी समोरचा पळाला तर जिंकतो. पण चढायचं तर असं चढ, की समोरच्याला बरोबरी करताच येऊ नये. अर्धवट चढ म्हणजे पाहुण्याला दारात उभं करणं. तो आत येणारच."

बरोबरी करताच येऊ नये.

फौजदारिणीने समोर बघितलं. खुर्ची रिकामी. पाठीचा बांबू दिसत होता, त्यामागे भिंत, भिंतीवर खुंटी, खुंटीला आत्याचा निळा कोट. महिनाभर कुणी काढला नव्हता. रिकामा लोंबत होता, बाह्या खाली, बटणं उघडी.

आणि तिला एकदम हसू आलं. खरंखुरं, पोटातून.

"आत्या," ती मोठ्याने म्हणाली, "ड्रायव्हरचा डबा लावलास, मी बोलले नाही. काकूंची छत्री लावलीस, बोलले नाही. माझ्या धाकटीला हात लावलास? थांब भवाने."

तिने मान खाली घातली, कोटाचं वरचं बटण दातात धरलं आणि हिसडा दिला. दोरा तुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ते बटण तिने हिरव्या बटणाशेजारी आपटलं.

"चढ. अंगावरचं. लाव आता तुझ्या अंगावरचं."

डागवालीने तोंडावर हात ठेवला.

कोपऱ्यातल्या बंद मशिनात काहीतरी वर चढलं. घरंगळत, घासत, हळूहळू वर. सगळ्यांनी ऐकलं. वर जाऊन थांबलं. पडेना. फौजदारीण डोळे न हलवता खुर्चीच्या वरच्या मोकळ्या जागेत बघत राहिली, बरोब्बर तिथे, जिथे आत्याचे डोळे असायचे. आत्या अशा वेळी नाकाने जोरात श्वास सोडायची. ती सवय सगळ्यांना माहीत होती. फौजदारिणीच्या हातावरची लव हलली. इस्त्रीच्या वाफेसारखं काहीतरी गरम मनगटावरून गेलं.

मग समोरची पाच पानं, पालथीच, एकत्र सरकली आणि टेबलाच्या कडेला जाऊन अर्धी बाहेर लटकली. आत्या पानं टाकताना अशीच टाकायची. चिडून, मनगटाच्या एका फटक्याने.

मशिनात बटण पडलं. टक.

"टाकली," काकू पुटपुटल्या. "बाईने जन्मात पहिल्यांदा टाकली."

ड्रायव्हरचा हात नकळत त्या पानांकडे गेला. फौजदारिणीने फुटपट्टी उचलून सण्णकन हाणली. "टाकलेली पानं बघायची नाहीत."

तिने हिरवं बटण मुठीत घेतलं, तोच फोन थरथरला.

"ताई! बाहेर आणली तिला! मधेच श्वास अडकला होता म्हणे, एकदम ठीक झाली. डॉक्टर म्हणतो, आम्ही काहीच केलं नव्हतं अजून. ताई, ऐकताय ना? रडताय का?"

"मी कशाला रडू? तूच रडतोयस," फौजदारीण नाक पुसत म्हणाली. "आणि स्वेटर जपून ठेव. बटण घेऊन येते संध्याकाळी."

मग काय विचारता! डागवालीने चहा टाकला, ड्रायव्हरने कुठूनसा बिस्किटांचा पुडा काढला, काकूंनी फौजदारिणीच्या पाठीत धपाटा घातला. काकूंनी पत्ते गोळा केले तेव्हा ती पाच पानं मात्र त्यांनी न बघता आधी कोटाला पुसली. ओली होती. पिळायची राहिलेल्या कपड्यासारखी.

त्या दुपारी रोलरवर कुणालाच उभं राहावं लागलं नाही. चौघांनी मिळून काम उरकलं, आणि फौजदारीण गाणी म्हणत होती, तीही बेसूर.

७

दुसऱ्या दिवशी फौजदारीण धाकटीला भेटूनच कामावर आली. धाकटी उशाला टेकून बसली होती, स्वेटर अंगात, हिरवं बटण जागेवर, आणि नर्सला नावं ठेवत होती. म्हणजे पक्की बरी होती.

फौजदारिणीने लॉन्ड्रीत पाय टाकला तो हसतच. डबे झाले, पालथे पडले. काकू पत्ते पिसायला बसल्या.

"आज चारच हां काकू," ड्रायव्हर म्हणाला. "नीट मोजून."

"चारच वाटतेय," काकू म्हणाल्या, आणि वाटताना मोठ्याने नावं घेत गेल्या. फौजदारीण. डागवाली. ड्रायव्हर. मी. तरी शेवटचं पान ठेवून त्यांनी हात मागे घेतला, तेव्हा टेबलावर ढीग पाच होते.

कोपऱ्यातलं जुनं मशीन सकाळीच मेकॅनिकने उचलून नेलं होतं. तिथे नुसती चौकोनी ओल होती.

टक.

फौजदारिणीने आधी भिंतीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. मग तिने समोर बघितलं.

आत्याचा कोट खुर्चीवर होता. कुणी ठेवला असेल, तिने मनात म्हटलं. डागवालीची मस्करी असेल. पण डागवाली पांढरीफटक पडली होती, आणि तिने ड्रायव्हरची बाही घट्ट धरली होती.

कोटाची सगळी बटणं लावलेली होती, गळ्यापासून खालपर्यंत. वरचं बटण नव्याने पक्कं शिवलेलं होतं, तांबड्या दोऱ्याने, टोक किंचित बाहेर, फौजदारिणीच्याच गाठीने; पण ते तिने शिवलं नव्हतं. कोटात कुणी नव्हतं. गळ्यातून खुर्चीच्या पाठीचा बांबू स्वच्छ दिसत होता.

फक्त पोटावरची बटणं ताणलेली होती.

फौजदारिणीने आपली खुर्ची पुढे ओढली. आपल्या कोटाची कॉलर नीट केली, रात्रीच पुन्हा शिवलेलं वरचं बटण जागेवर आहे का ते बोटाने चाचपलं, आणि पानं उचलली.

"बस आत्या," ती म्हणाली. "आज तरी दुसऱ्याचं काही लावू नकोस."